गेलेले केस आणि उरलेले केस

"मॅडम, केस फार गळतात हो!" तालुक्याच्या गावी त्वचारोगाचा दवाखाना चालवताना हे वाक्य ऐकलं नाही, असा माझा एकही दिवस जात नाही. कुणी गळलेले केस कागदाच्या पुडीत बांधून आणतं, कुणी चक्क मोजून आणतं. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी, टायफॉइड किंवा डेंग्यूचा ताप येऊन गेल्यावर, अंगात रक्त कमी असताना, थायरॉइड बिघडल्यावर केस मुठीनं गळतात. बघून पोटात गोळा येतो खरा, पण यातल्या बहुतेकींना मी हसून सांगू शकते, "घाबरू नका, कारण सापडलं की केस परत येतील." आपल्या डोक्यावर साधारण लाखभर केस असतात आणि त्यातले रोज ५० ते १०० गळणं हे अगदी स्वाभाविक आहे.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच बाईची. ती पुडी आणत नाही. तिच्या कंगव्यात फारसे केस येतही नाहीत. ती इकडेतिकडे बघते, दार लावलंय ना याची खात्री करते आणि मग पदर मागे सारून भोवऱ्याजवळची रुपयाएवढी गुळगुळीत जागा दाखवते. "इथं खाजायचं, आग व्हायची. आता केसच येत नाहीत. वर्षभर तेल चोळतेय." हे वर्ष तिनं काही आळसानं घालवलेलं नसतं. शेजारणीनं सांगितलेलं माक्याचं तेल, नणंदेनं पाठवलेला कांद्याचा रस, टीव्हीवरच्या जाहिरातीतली बाटली, मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब, सगळं इमानेइतबारे करून झालेलं असतं. पण या आजारात वर्ष फार मोलाचं असतं. म्हणून मैत्रिणींनो, आज फक्त याच केस जाण्याबद्दल बोलू या. त्वचेवर वण धरून जाणारे केस. डॉक्टरी भाषेत याला 'स्कारिंग अॅलोपेशिया' म्हणतात.

बुडखा जिवंत आहे का?

ऊस तोडला तरी जमिनीतला बुडखा जिवंत असेल तर खोडवा फुटतो. पण बुडखाच जळून गेला, तर वरून कितीही पाणी आणि खत घाला, कोंब येत नाही. केसांचंही तसंच आहे. प्रत्येक केस त्वचेतल्या एका छोट्या पिशवीतून उगवतो. या पिशवीच्या वरच्या भागात, त्वचेपासून थोड्याच खोलीवर, नवा केस घडवणाऱ्या मूळ पेशी असतात. हाच केसाचा बुडखा.

चाई पडते तेव्हा गोल चकती होते, केस जातात, पण सूज असते ती खाली केसाच्या मुळाशी. वरच्या मूळ पेशी शाबूत राहतात. म्हणून चाईतले केस बरेचदा परत येतात. वणाच्या टक्कलात मात्र शरीराची स्वतःचीच संरक्षक यंत्रणा चुकून या मूळ पेशींवर चाल करून जाते. सूज येते, पेशी मरतात आणि त्या जागी वण तयार होतो. भाजल्यावर कातडीवर राहतो तसाच, फक्त बारीक आणि आतल्या आत. छिद्रच बुजलं की तिथून केस कधीच येत नाही.

हे ऐकायला कठोर वाटेल, पण उपचारांचं सगळं गणित यावर उभं आहे. उपचार होतो तो गेलेल्या केसांसाठी नाही, उरलेल्यांसाठी. आग जिथे पोचली तिथलं गेलं; पुढचं घर वाचवायचं आहे. म्हणूनच जी दोन महिन्यांत येते तिचं रुपयाएवढं जातं, आणि जी तीन वर्षांनी येते तिचं तळहाताएवढं गेलेलं असू शकतं.

घरच्या घरी काय बघाल?

दिवसाउजेडी अंगणात किंवा खिडकीशी बसा. मुलीला, बहिणीला, जावेला भांग पाडून बघायला सांगा. केस विरळ झालेल्या जागी त्वचेवर बारीक छिद्रं दिसतात का? दिसत असतील तर आशा आहे. त्वचा सपाट, चकचकीत, छिद्रं नसलेली दिसली तर उशीर करू नका. कडेच्या केसांच्या बुडाशी लाली किंवा चिकटून बसलेली खपली आहे का? तिथे खाज, आग, दुखरेपणा आहे का? एकाच छिद्रातून बाहुलीच्या केसांसारखे पाच-सहा केस झुपक्यानं आलेत का? यातलं काहीही असलं तर तो साधा कोंडा समजू नका. कोंड्यात खपली डोकंभर असते आणि सहसा मोकळी झडते.

आणखी एक. मोबाइल आता बहुतेक घरांत आहे. महिन्यातून एकदा, त्याच जागेचा, त्याच उजेडात फोटो काढून ठेवा. जागा वाढतेय की थांबलीय, हे डॉक्टरांनाही या फोटोंवरून फार चांगलं कळतं.

हे आजार कोणते?

आमच्याकडे येणाऱ्या बायकांमध्ये दोन आजार जास्त दिसतात. पहिला 'लायकेन प्लॅनोपायलॅरिस'. नाव अवघड आहे, पण चिठ्ठीवर दिसलं तर ओळखता यावं म्हणून सांगते. हा बहुधा चाळिशी-पन्नाशीच्या बायकांना होतो. भोवऱ्यावर किंवा बाजूला ठिपक्याठिपक्यांनी केस जातात, कडेच्या केसांभोवती लालसर कडं आणि खपली असते, आणि आग होते. काहींना सोबत अंगावर जांभळट खाजरे चट्टे किंवा तोंडात पांढरी जाळी असते. तोंडाचा आणि डोक्याचा काय संबंध, असं वाटून बायका हे सांगतच नाहीत. सांगा.

दुसरा 'डिस्कॉइड ल्युपस', म्हणजे डीएलई. यात जाडसर खपलीचा लाल चट्टा येतो, मध्ये पांढरा पडतो, कडेला काळा होतो. डोक्यावर, गालावर, कानाच्या पाळीच्या वर जी वाटी असते तिच्यात तो दिसतो. उन्हानं तो भडकतो, त्यामुळे शेतात राबणाऱ्या बायकांना त्रास जास्त. थोड्या जणींमध्ये हाच आजार पुढे सांधे, मूत्रपिंड अशा आतल्या अवयवांपर्यंत जातो. म्हणून डॉक्टर रक्त, लघवी तपासायला सांगतात तेव्हा "डोक्याच्या चट्ट्याला लघवी कशाला?" असं म्हणू नका.

तिसरा प्रकार जरा फसवा आहे. पाळी गेलेल्या बायकांमध्ये कपाळावरची केसांची रेषा हळूहळू मागे सरकते, सोबत भुवयाही विरळ होतात. बाई पेन्सिलनं भुवया काढत राहते आणि घरचे म्हणतात, "कपाळ मोठं म्हणजे नशीब मोठं!" हा लायकेन प्लॅनोपायलॅरिसचाच भाऊ. ऑस्ट्रेलियातल्या कोसार्ड नावाच्या डॉक्टरांनी १९९४ साली सहा बायकांमध्ये तो प्रथम नोंदवला. आज तो जगभर दिसतो, आपल्याकडेही.

याशिवाय घट्ट वेण्या, ओढून बांधलेला अंबाडा, त्यावर रोजचा जड गजरा यांनी कानशिलावरचे केस जातात. सुरुवातीला केस मोकळे सोडले की ते परत येतात. वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर तिथेही वण धरतो. शाळेत जाणाऱ्या मुलींच्या दोन वेण्या जरा सैल घालाव्यात, त्या याचसाठी. आणि लहान मुलाच्या डोक्यावर लिबलिबीत, पू असलेली, दुखरी गाठ येऊन केस जात असतील, तर ते बहुधा गजकर्णाच्या बुरशीचं भयंकर रूप असतं. त्याला लेप लावत बसू नका. पोटातून औषध लवकर सुरू झालं तर केस वाचतात.

एक गोष्ट ठळकपणे सांगायलाच हवी. लायकेन आणि ल्युपस हे संसर्गजन्य नाहीत. माझ्याकडे आलेल्या एका सुनेचा कंगवा, उशी, टॉवेल घरात वेगळा काढला होता आणि तिच्या लेकीला तिच्याजवळ झोपू देत नव्हते. सासूबाईंना समोर बसवून मी सांगितलं, "हे कुणाला लागत नाही. तुमच्या नातीला आईजवळ झोपू द्या." त्या दिवशी मी लिहून दिलेल्या औषधाइतकंच हे वाक्यही गरजेचं होतं.

बायोप्सीला का घाबरता?

नुसत्या डोळ्यांनी किंवा डर्मोस्कोप नावाच्या भिंगानं बरंच कळतं, पण खात्रीसाठी बायोप्सी लागते. हा शब्द ऐकला की बायका कॅन्सर समजून रडायलाच लागतात. इथे तसं काही नसतं. जागा बधिर करून ४ मिलिमीटरचा, म्हणजे साधारण टिकलीएवढा, त्वचेचा तुकडा काढतात. एखाद-दुसरा टाका पडतो, आठ-दहा दिवसांत निघतो. बाई त्याच दिवशी घरी जाते.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. तुकडा मधल्या गुळगुळीत जागेतून घेऊन उपयोग नसतो. तिथे सगळं संपलेलं असतं. तो कडेच्या, लाली असलेल्या, अजून केस असलेल्या भागातून घ्यावा लागतो. "जिथं चांगले केस आहेत तिथलंच का कापता?" असं विचारणाऱ्या बायकांना मी हेच सांगते, की चोर जिथे आत्ता आहे तिथेच पकडायला हवा.

उपचार काय काय आहेत?

पहिली पायरी म्हणजे सूज विझवणारं जोरकस स्टिरॉइडचं मलम किंवा लोशन, उदाहरणार्थ क्लोबेटासॉल. ते कडेच्या लाल भागावर, सांगितले तितकेच दिवस लावायचं. हीच ट्यूब मनानं वर्षभर चोळली, तोंडाला लावली, तर कातडी पातळ होते. त्याच्या जोडीला चट्ट्याच्या कडेनं स्टिरॉइडची (ट्रायमसिनोलोनची) बारीक इंजेक्शनं चार ते सहा आठवड्यांनी देतात. टोचताना दुखतं, पण खाज आणि आग त्यानं लवकर कमी होते. कधी कधी टोचलेल्या जागी खळगा पडतो, म्हणून सवयीच्या हातानंच घ्यावीत. टॅक्रोलिमस नावाचं स्टिरॉइड नसलेलं मलमही आहे.

पोटातून घ्यायच्या औषधांत सर्वात जास्त वापरली जाते ती हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन. हो, २०२०मध्ये कोरोनाच्या दिवसांत जिचं नाव घरोघरी पोचलं तीच. मुळात ती ल्युपस आणि सांधेवाताच्या रुग्णांची रोजची गोळी. त्या दिवसांत दुकानांतून ती गायब झाली तेव्हा या बायकांचे फार हाल झाले. ही गोळी वजनावर ठरते, दर किलोला दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत. तिचा गुण दिसायला दोन-तीन महिने, कधी सहा महिनेही लागतात. "महिना झाला, फरक नाही" म्हणून बंद करू नका. डोळ्याच्या पडद्यावर क्वचित परिणाम होऊ शकतो, म्हणून सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळे तपासायचे. कुणाला डोळ्याचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आधीच असेल तर त्याहून लवकर.

डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविकही देतात, पण इथे जंतू मारायला नाही, सूज कमी करायला. ते भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं आणि घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर छातीत जळजळ होते. गरोदर बाईनं ते घ्यायचं नाही.

आजार दांडगा असेल तर मेथोट्रेक्सेट, मायकोफेनोलेट, सायक्लोस्पोरिन अशी प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी औषधं येतात. ती रक्ततपासण्यांच्या पहाऱ्यातच घ्यायची. यातल्या मेथोट्रेक्सेटबद्दल मी प्रत्येकीला दोनदा सांगते आणि चिठ्ठीवर लाल पेनानं लिहिते: आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. ही गोळी चुकून रोज घेतल्यानं माणसं दगावली आहेत. मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट या दोन्ही गोळ्या चालू असताना दिवस राहू देता कामा नये, बाळाला धोका असतो. लग्न ठरलेल्या मुलीनं, मूल हवं असलेल्या सुनेनं हे डॉक्टरांना आधीच सांगावं. लाजू नये.

कपाळाची रेषा मागे जाणाऱ्या, पाळी गेलेल्या बायकांमध्ये फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड या गोळ्यांचा उपयोग होतो. मिनॉक्सिडिल उरलेले केस जाड करायला मदत करतं, पण आतली सूज थांबवत नाही. म्हणून ते जोडीला चालतं, एकटं पुरत नाही. अलीकडे 'जॅक इनहिबिटर' गटाच्या गोळ्यांची चर्चा आहे. त्यातल्या बॅरिसिटिनिबला २०२२मध्ये अमेरिकेत चाईच्या गंभीर रुग्णांसाठी मान्यता मिळाली. वणाच्या टक्कलावर ती काही डॉक्टर वापरून बघतात, पण पुरावा अजून थोडा आहे आणि औषधं जपून द्यावी लागतात.

आणि तेल? सवयीनं थोडं लावलं तर माझी हरकत नाही. पण तेल छिद्रापाशी चाललेली लढाई थांबवू शकत नाही. लाली असताना खसाखसा चोळणं, कांदा-लसणाचा रस, गरम तेल, डाय हे सगळं तेव्हा टाळावं. एकदा वस्तरा फिरवला की दाट येतील, हाही भ्रम आहे. वस्तरा कातडीच्या वरच फिरतो, आतलं त्याला काय कळणार!

"केस लावून घेऊ का?"

जिल्ह्याच्या गावी आता हेअर ट्रान्सप्लांटचे मोठे फलक लागलेत. ते वाचून एक बाई पाटल्या मोडायच्या तयारीनं माझ्याकडे आली होती. मी तिला थांबवलं. आजार जागा असताना केस लावले तर जो आजार जुने केस खाऊन गेला तो नवेही खातो. निदान एक-दोन वर्षं आजार पूर्ण शांत असेल तरच हा विचार करायचा, आणि तोही आधी थोड्याशा जागेत लावून, ते टिकतात का ते बघून. तरीही आजार पुन्हा उठू शकतो. जो तुम्हाला पहिल्याच भेटीत "शंभर टक्के केस आणून देतो" म्हणेल, त्याच्यापुढे पर्स उघडू नका.

मग दिसण्याचं काय? त्यासाठी साधे उपाय आहेत आणि ते करण्यात कमीपणा नाही. भांग दुसरीकडून पाडणं, टाळूच्या रंगाशी मिळणारी केसांची पूड, क्लिपनं बसवायचा केसांचा तुकडा, पूर्ण विग, भुवयांसाठी पेन्सिल. घट्ट क्लिप आणि डिंकानं चिकटवायचे प्रकार मात्र नकोत. ल्युपसवालीनं उन्हात पदर, टोपी किंवा छत्री हवीच. ते तिचं औषधच आहे.

कुठे जाल?

पहिल्यांदा त्वचारोगतज्ज्ञाकडे. खासगी दवाखाना परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात हा विभाग असतो. तिथल्या दारावर बरेचदा 'त्वचा व गुप्तरोग विभाग' अशी पाटी असते. ती वाचून बाहेरच्या बाकावर बसायला बायका संकोचतात, कुणी ओळखीचं दिसलं तर काय म्हणेल म्हणून केसपेपर काढूनही परत जातात. पाटी दोन विभागांची आहे एवढंच. सोबत नवऱ्याला, बहिणीला घेऊन जा, पण जा. जुन्या चिठ्ठ्या, वापरलेल्या ट्यूब आणि फोटो बरोबर न्या.

उपचार चालू झाल्यावर "केस कधी येणार?" हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा. खाज-आग थांबली का? लाली-खपली गेली का? जागा वाढायची थांबली का? तिन्हींची उत्तरं 'हो' असतील तर औषध लागू पडलंय, डोक्यावर एकही नवा केस दिसत नसला तरी. सूज लवकर विझली तर कडेचे अर्धमेले केस थोडे सावरतात, तो वरचा लाभ. हे आजार अनेकदा कायमचे जात नाहीत, झोपतात. म्हणून बरं वाटलं तरी ठरलेल्या तारखेला दाखवत राहायचं.

माझ्याकडे गेली सहा वर्षं एक अंगणवाडीताई येतात. डोक्यावर पोह्याच्या चमच्याएवढी जागा गेली ती गेलीच, पण सहा वर्षांत ती तसूभरही वाढलेली नाही. मध्यंतरी त्यांच्या जाऊबाईंना टाळूवर आग होऊ लागली. ताईंनी महिन्याच्या आत हाताला धरून त्यांना माझ्याकडे आणलं. तेलाची बाटली आणायलाही वेळ दिला नाही! तपासणीत निघाला तो साधाच कोंडा. तरी मला आनंद झाला. अशा खोट्या निघालेल्या शंका मला रोज चालतील.

एवढं लक्षात ठेवा

- गुळगुळीत, छिद्रं नसलेली जागा, कडेला लाली-खपली, आग-खाज: तेलावर वेळ घालवू नका.
- बायोप्सी सांगितली तर करून घ्या. ती कडेच्या भागातून घेतात.
- हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन चालू असेल तर डोळ्यांची तपासणी चुकवू नका.
- मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. रोज कधीही नाही.
- दिवस असतील किंवा राहण्याची शक्यता असेल तर गोळी सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सांगा.
- केस लावण्याचा विचार आजार एक-दोन वर्षं शांत राहिल्यावरच.
- लायकेन आणि ल्युपस कुणाला लागत नाहीत. कंगवा वेगळा ठेवायची गरज नाही.